सोपानरावांनी मला विकलेली सायकल

सोपानराव पोस्टमननी मला सायकल विकताना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं वाचताना तुम्हाला त्यांचा पुळका यायची शक्यता आहे, आणि मला ते नको आहे.

मी सहज फसणारा माणूस नाही. आमच्या घरात मेंढरं होती. ती माझ्या गळ्यात पडायच्या आत मी बारामतीला पळालो, एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत शिकलो आणि लासुर्ण्याजवळ फाट्यावर स्वतःचं दुकान टाकलं. जुनी सायकल घ्यायची, खोलायची, नीट करायची आणि विकायची. विकायला आलेला माणूस पायरी चढतो तेव्हाच मला कळतं, याला घाई किती आहे. सुप्याच्या बाजारात शेळ्यांचे सौदे करणारेही माझ्याशी भाव करताना दोनदा विचार करतात. अशा माणसाला एका पोस्टमननं बनवावं, हे विसरायला मी तयार नाही.

सोपानरावांना तुम्ही काहीही सांगा, ते एकच विचारायचे, "कशावरून?"

"आज ऊन फार हाय, सोपानराव."

"कशावरून?"

तेव्हा त्यांचा खाकी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला असायचा आणि टोपी काढली की कपाळावर तिचा वळ दिसायचा. तरी कशावरून? माझी बायको चहा द्यायची. "साखर टाकलीय, तात्या." "कशावरून?" "प्या की, मग कळंल." ते घोट घ्यायचे, डोळे मिटून तोंडात फिरवायचे आणि एखाद्या गुन्ह्याचा निकाल द्यावा तसं म्हणायचे, "हाय." बायको आत जाऊन भांडी आपटायची.

एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं, दत्तूचं, रजिस्टर आलं. दत्तू माझ्याच दुकानात बसला होता. सोपानरावांनी पाकीट छातीशी धरलं.

"तूच दत्तात्रय कशावरून?"

"अवो दाजी, तुमच्या लग्नात तुमचा कान मी पिळला व्हता!"

"ती लग्नातली गोष्ट झाली. आत्ता कशावरून?"

दत्तूनं शेवटी मला साक्षीला धरलं. तेव्हा सोपानराव माझ्याकडं वळून म्हणाले, "आन ह्यो हरिबा कशावरून?"

हा संशय त्यांना जन्मापासून नव्हता. आमच्या भागात एकाच आडनावात, एकाच वस्तीवर चार-चार दत्तात्रय. पत्त्यावर लोक लिहिणार, 'विहिरीजवळ'. विहीर कुणाच्या दारात नाही? सोपानराव नोकरीत नवे होते तेव्हा एका दत्तात्रयचं मुलाखतीचं पत्र त्यांनी दुसऱ्या दत्तात्रयला दिलं. हा दुसरा असा बहाद्दर, की आपण कधी अर्ज केला होता हे न आठवताही शर्टाला इस्त्री मारून पुण्याला गेला आणि मुलाखत देऊन आला. नोकरी कुणालाच लागली नाही. खरा दत्तात्रय पुढं कित्येक वर्षं सोपानरावांना पाहून रस्त्यावर थुंकायचा. तिथून हे 'कशावरून' सुरू झालं.

बाकीचा तापही काही कमी नव्हता. इंदापूरहून टपालाची थैली एसटीनं यायची. कंडक्टर कधी ती उतरवायला विसरायचा, थैली बारामती बघून परत यायची, आणि शिव्या सोपानरावांना. ऊसतोडणीच्या टोळ्यांची कार्डं आली की ती टोळी आज कुणाच्या फडात आहे, हे बांधाबांधानं विचारत हिंडायचं. कारखान्याच्या वार्षिक सभेच्या नोटिसा म्हणजे तर कहर. सगळ्या सभासदांना एकाच दिवशी. सायकल ओझ्यानं मागं वाकायची, आणि दारात नोटीस दिली की सभासद म्हणणार, "ह्ये व्हय? मला वाटलं काय कामाचं आणलं." तार नेली तर घरातल्या बाया उघडायच्या आधीच रडायला लागायच्या. एका घरी पोरगा पास झाल्याची तार होती. सोपानराव ओरडून सांगत होते, पण हुंदक्यांत कुणाला ऐकूच येईना. शेवटी ते स्वतःच चिडून अंगणात बसले.

आता सायकलचं सांगतो.

त्यांची सायकल काळी, चोवीस इंची, आणि तिचं मागचं मडगार्ड खडखडायचं. साधं नव्हे. फर्लांगभरावरून कळायचं. माझ्या दुकानासमोरून अशी सायकल जाणं ही माझ्या धंद्याची बदनामी होती. मी त्यांना बोलावून नट आवळून दिला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा खडखड. पुन्हा आवळला. पुन्हा खडखड. दर वेळी ते दुकानात बसणार, चहा पिणार, साखरेची चौकशी करणार.

मला वाटलं, हा म्हातारा चहासाठी नट ढिला करतो. मी माणूस ओळखतो. एकदा नट आवळल्यावर मी त्याच्यावर आणि मडगार्डवर मिळून तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढली. धंद्यातली युक्ती आहे. नट आपोआप हलला तर रेघ थोडी सरकते, कुणी पाना लावून फिरवला तर पार मोडते. तिसऱ्या दिवशी बघतो तर रेघेचा एक तुकडा पूर्वेला आणि एक पश्चिमेला.

"सोपानराव, नट तुमी ढिला करता."

"कशावरून?"

मी रेघ दाखवली. ते उकिडवे बसले, चष्मा सावरून बघितलं आणि रेघेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "सायकलला आवाज पायजे."

"मग घंटी लावा की! स्वस्तात देतो."

"घंटी लावली व्हती. बाया तांब्या घेऊन भाईर यायच्या. दूधवाला समजून. पोरं कुल्फीला यायची. ह्यो आवाज माझा एकट्याचा हाय."

मी काय समजायचं ते समजलो. वस्तीवर सायकलवरून उतरायचा कंटाळा. आवाज ऐकून लोकांनी रस्त्यावर यायचं, यांनी बसल्या बसल्या कार्ड टेकवायचं आणि पुढं निघायचं. सरकारी नोकर तो सरकारी नोकर. तेव्हापासून मी नट आवळायचं सोडून दिलं, पण मनात ठेवलं.

पुढं ते सेवानिवृत्त झाले. पोस्टात नारळ-टॉवेल दिला, फोटो काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सोपानराव सायकल हातानं ढकलत दुकानात आले. म्हणाले, "घे."

मी भाव सांगितला. पहिला भाव आपण कसा सांगतो? समोरच्याला राग यावा असा. म्हणजे तो आरडाओरडा करतो, उठून जायला लागतो, आपण परत बोलावतो, आणि धंद्याला रंग येतो. सोपानराव म्हणाले, "बरं."

तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. ज्या माणसानं साखरेवर विश्वास ठेवला नाही त्यानं माझ्या भावावर ठेवला! मी सायकल उलटी केली, फ्री-व्हील फिरवून पाहिलं, सांध्यांवर टिचक्या मारल्या. सगळं ठणठणीत. मग घेतली.

त्याच आठवड्यात माझी मोपेड बंद पडली. वस्तीवर एक जुनी सायकल बघायला जायचं होतं, म्हणून सोपानरावांचीच काढली. नट आवळायचा राहिला होता.

पहिल्या घराशी आलो तर एक बाई पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली. "आमचं काय हाय का?" मी म्हणालो, "मी सायकलवाला." तिचं तोंड असं पडलं, जणू मीच काहीतरी चोरलं होतं. दुसऱ्या घरातून एक आजोबा काठी टेकत आले, त्यांना फाटकापर्यंत यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला थांबावं लागलं. तिसऱ्या घरी, चौथ्या घरी तेच. मला वाटलं होतं ही वस्ती रिकामी असते. त्या मडगार्डच्या आवाजानं सगळी दारं माणसांनी भरली.

शेवटच्या घरात ठकूआजी. नजर अधू. तिचा मुलगा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परततो. मधे कुणाकडून तरी लिहून घेऊन एखादं कार्ड टाकतो. ती दाराच्या खांबाला धरून उभी होती.

"सोपाना, हाय का रं?"

"आजी, मी हरिबा. फाट्यावरचा मिस्त्री. सोपानराव रिटायर झालं."

"मग आता कोण येतं?"

"नवा पोस्टमन हाय की. कार्ड आलं की मिळंल तुमाला."

"आलं तर कुणीबी आणंल रं," ती म्हणाली. "न्हाय आलं, ह्ये सांगायला कोण येणार? सोपाना रोज यायचा. सायकलवरनं उतरायचा. म्हणायचा, आज न्हाय, मावशे. मग मी जेवाया बसायची."

मी संतापलो. कुणावर ते तेव्हा कळलं नाही. परत येताना सोपानराव चालत जाताना दिसले. रस्त्यानं नव्हे, उसाच्या कडेनं, पाटावरून, लपत गेल्यासारखे. मी त्यांना गाठलं.

"सोपानराव, तुमी मला फसवलं. ही सायकल चालवण्याजोगी न्हाय."

"कशावरून?"

"दारादारात माणसं उभी ऱ्हात्यात!"

"व्हय," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर मी बी दोन दिस चालवून बघितली. पिशवी न्हाय, आन समदी दारात. तोंड दाखवाया नको वाटलं."

"म्हणून माझ्या गळ्यात मारली? शाळेतले गुरुजी जास्त द्यायला तयार व्हते म्हणं!"

ही बातमी मला त्याच सकाळी कळली होती, आणि तीच मला सर्वात जास्त झोंबली होती. जास्त भाव सोडून कमी भावाला विकणारा माणूस सरळ असूच शकत नाही.

"गुरुजी नट आवळणार व्हते," सोपानराव म्हणाले.

"मी बी आवळीन! आत्ता आवळतो!"

"आवळ की." ते थोडं चालले, मग मागं वळून म्हणाले, "तुझा बाप कोकणात असायचा तवा तुझी आई बी अशीच भाईर यायची. तू बारामतीला व्हतास, तुला म्हायती न्हाय." आणि उसात शिरले.

मी दुकानात येऊन नट आवळला. पान्याला पाइप लावून आवळला. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं गेलो. सायकल मुंगीसारखी गप्प. एक दार उघडलं नाही. ठकूआजी खांबाला टेकून रस्त्याकडं कान करून बसली होती. मी तिच्यासमोरून हातभर अंतरावरून गेलो, आणि तिनं मान वळवली नाही. ताट शेजारी झाकलेलं होतं.

पुढच्या वळणावर मी उतरलो, पाना काढला आणि नट ढिला केला. कुणाच्या सांगण्यावरून नाही. मला गप्प सायकल आवडत नाही. मग ठकूआजीच्या दाराकडं परत फिरलो.

नवीन पोस्टमन मोपेडवरून येतो. त्याला भला मोठा भाग नेमून दिलाय, हे तो प्रत्येकाला ऐकवतो. वस्तीची कार्डं तो फाट्यावर चहाच्या टपरीत ठेवतो, एसटीडीच्या पिवळ्या डब्याशेजारी. ज्याचं त्यानं येऊन न्यावं. कार्डांवर चहाच्या ग्लासांचे गोल उमटतात. टपरीवाला मला बघितलं की गठ्ठा पुढं करतो. "मिस्त्री, तुमी जातच हाय वस्तीला." मी जातच आहे, असं त्याला कशावरून वाटतं?

पाहिलंत? आता मीही तेच म्हणायला लागलो.

परवा त्या वाटेनं परतताना सोपानरावांच्या घरावरून आलो. बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगी सोलापूरकडं दिली आहे. मडगार्ड खडखडलं आणि दार उघडलं. आत चूल धुमसत होती. सोपानराव खाकी शर्टाची बटणं लावत उंबऱ्यापर्यंत आले. ज्या माणसानं जन्मभर गावाला पत्रं वाटली, तो स्वतःच्या दारात, बाकीच्यांसारखाच, हात थोडा पुढं करून उभा राहिला.

मी सायकलवरून उतरलो.

"आज तुमचं काय न्हाय, सोपानराव."

"कशावरून?"

मी कॅरियरवरची पिशवी काढून त्यांच्यासमोर उघडली. आत पाना होता आणि ग्रीसचं फडकं. त्यांनी वाकून आत बघितलं, चष्मा सावरून पुन्हा बघितलं.

"न्हाय," म्हणाले. आणि आत जाऊन त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मला आवाज आला.

आता मला एवढंच विचारायचं आहे. मी सायकल विकत घेतली. चाकं घेतली, चेन घेतली, कॅरियर घेतलं. ठकूआजी घेतली नव्हती. ते काठीवाले आजोबा घेतले नव्हते. रोज दुपारी दुकान बंद ठेवून दारोदार 'न्हाय' सांगत हिंडायचं, हे सौद्यात कुठं ठरलं होतं? सोपानरावांनी फाट्यावर माझ्या दुकानात यावं, चार माणसांदेखत बसावं आणि याचं उत्तर द्यावं. चहा मिळेल, साखर टाकलेली असेल. पण उत्तर दिल्याशिवाय मी त्यांना उठू देणार नाही.