उत्तमनानांचा रीतसर बिल्ला

उत्तमनाना सकाळी अंघोळ करून कमरेला रिव्हॉल्वर अडकवतात, त्याच्यावर सदरा सोडतात, आणि मग सदऱ्याच्या डाव्या खिशावर एक पितळी बिल्ला लावतात. बिल्ला चांगला मोठ्या पेढ्याएवढा. त्यावर कोरलंय, 'शस्त्र परवानाधारक'. खाली परवान्याचा नंबर. त्याच्या खाली जागा उरली होती म्हणून 'मु. पो. वडीगोद्री'. आत हत्यार लपवायचं आणि बाहेर त्याची पाटी लावायची, असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

हा बिल्ला सरकारनं दिलेला नाही बरं का. सरकार परवान्याचं पुस्तक देतं, बिल्ला देत नाही. नानांनी तो जालन्याला जाऊन, कुस्तीच्या ढाली अन् कप बनवणाऱ्या दुकानातून करून आणला. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या खेळाचा?" नाना म्हणाले, "खेळाचा न्हाई. रीतसर हत्याराचा." 'रीतसर' हा नानांचा लाडका शब्द. चहा रीतसर, लगीन रीतसर, पाऊस रीतसर. एकदा त्यांना विंचू चावला, तर डॉक्टरला सांगतात, "रीतसर चावला न्हाई हो, नुसता टोचून पळाला."

आता आधीच सांगून टाकतो. मी ह्या माणसावर जळतो. दहा-बारा वर्षं झाली, अगदी मनापासून जळतो. कारण ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा माझं काही चुकतं का.

वडीगोद्रीच्या फाट्यावर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि माझं रान नानांच्या रानाला लागून. बांधाला बांध. मी राहतो गावात, नाना राहतात रानातल्या वस्तीवर. एका वर्षी आमच्या शिवारात वस्त्यांवर लागोपाठ चोऱ्या झाल्या, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच माणसाकडून अर्ज लिहून घेऊन शस्त्राचा परवाना मागितला. नानांना मिळाला. माझा अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'अर्जदाराच्या जीवितास कोणताही धोका असल्याचे दिसून येत नाही.'

वाचलंत? कोणताही धोका नाही! अहो, बावीस वर्षं मी ह्या फाट्यावर धंदा करतोय. भावकीत माझे दोन दावे चालू आहेत. निम्म्या गावाशी माझं बोलणं नाही. आणि सरकार लिहून देतं की ह्याला कुणी मारणार नाही! माझ्या जिवावर उठावं असं एकाही माणसाला वाटू नये, म्हणजे मी काय इतका फालतू आहे का? बायकोला तो कागद दाखवला, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बराबर तर लिवलंय. तुम्हाला कोण मारतंय? तुमचा खोकला ऐकला तरी माणसं रस्ता बदलतात." त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे दुपारी जेवलो नाही.

बिल्ला आल्यावर तर कहरच झाला. वाटूरला माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. मी नवरीचा मामा. माइकवाला ओरडतोय, "आपल्या मंडपात शस्त्र परवानाधारक माननीय उत्तमनाना यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी पुढं येऊन फेट्याचा मान स्वीकारावा!" नाना गेले, फेटा बांधून घेतला, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले. मी मामा असून माझ्या वेळेपर्यंत फेटे संपले. मला टावेल-टोपी दिली. टोपी पण लहान निघाली, कानावर बसेना. त्याच टोपीत मी अख्ख्या लग्नाचे फोटो काढून घेतले, आणि अजून ते अल्बम बहिणीच्या घरी आहेत.

बिल्ला लावावा की लावू नये, ह्यावर सलीमभाईच्या हॉटेलात रोज वाद व्हायचा. सलीमभाईचं हॉटेल माझ्या दुकानाच्या समोरच. तो चहा गाळता गाळता म्हणायचा, "नाना, छुपी चीज छुपीच बरी. चोराला कळलं तुमच्याकडं सामान हाय, तर तो पहले तुमच्याच मागं लागंल."

नाना बशीत चहा ओतत शांतपणे सांगायचे, "कंडक्टरला बिल्ला हाय का न्हाई? हमालाला हाय का न्हाई? अन् ज्याच्या कमरेला जीव घ्यायचं यंत्र हाय, त्याला काहीच न्हाई? हे रीतसर झालं का? उद्या बाजारात वाकलो, सदरा वर सरकला, कुणाला ते दिसलं, तर तो मला गुंडच समजंल. बिल्ला पाहिला की समजंल, गडी कायद्यातला हाय."

मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच मला राग आला. मी म्हणालो, "नाना, परवान्यावर लिहिलेलं आहे की हत्यार उघडं दिसता कामा नये. मग छातीवर पाटी लावून ते दाखवल्यासारखंच झालं की! आणि सरकारला बिल्ला पाहिजे असता तर सरकारनं दिला असता. उद्या कुणीही उठंल अन् बिल्ला करून लावंल. खरा कोणता, खोटा कोणता, कसं ओळखायचं?"

नानांनी जरा विचार केला. म्हणाले, "हे बी खरं हाय शेठ. तुम्ही एक करून बघा ना. लावता?"

सगळं हॉटेल हसलं. माझा अर्ज परत आल्याचं फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी ते खरोखर विचारलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

निवडणूक आली की मला जरा बरं वाटायचं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपापलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. मला वाटायचं, आता बघू कसा मिरवतो. पण नाना जमा केल्याची पावती प्लास्टिकमध्ये घालून बिल्ल्याच्या खाली टाचून यायचे. "हत्यार जमा, पण परवाना चालू," असं आपणहून सांगायचे. लोक पावतीसुद्धा वाचायचे हो! माझ्या दुकानात युरियाचा भाव मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, तो कुणी वाचत नाही, आत येऊन विचारतात.

मग ते ट्रकचं झालं. नानांना रस्ता ओलांडायचा होता म्हणून त्यांनी हात वर केला. ट्रकवाला परराज्यातला. त्यानं बिल्ला पाहिला, करकचून ब्रेक मारला आणि कागदांची पिशवी घेऊन खालीच उतरला. आता शहाण्या माणसानं सांगितलं असतं, बाबा रे, मी पोलीस नाही. पण नानांच्या हातात कुणी कागद दिला की तो वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. चष्मा लावून त्यांनी सगळे कागद पहिल्यापासून वाचले, "विम्याची मुदत म्हैनाभरात संपून राह्यली, ध्यान ठेवा," असं बजावलं, आणि त्याला सलीमभाईकडं चहाला नेलं. गाव कोणतं, लेकरं किती, आई हाय का, सगळी चौकशी केली. तेवढ्यात मागं आणखी दोन ट्रक आपणहून येऊन उभे राहिले. दोघांनी कागद हातात काढून ठेवले होते. आणि त्या तीन ट्रकांच्या मागं माझं दुकान झाकून गेलं. तासभर गिऱ्हाईक नाही.

माझ्या पोटात जे काय पेटलं म्हणता! नानांच्या परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती, नूतनीकरणाचा अर्ज ठाण्यात पडला होता. हे मला माहीत होतं, आणि माहीत असून मी केलं. दुकानाच्या पॅडचा कागद घेतला, वरचं दुकानाचं नाव पट्टी लावून फाडलं, आणि डाव्या हातानं तक्रार लिहिली. 'सदर इसम छातीवर बिल्ला लावून पोलीस असल्याचे भासवितो व महामार्गावर वाहने अडवितो.' खाली सही केली, 'एक जागरूक नागरिक'. पत्र टाकलं. पुढचे दोन दिवस मला फार छान झोप लागली.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या बीटचे जमादार मोटारसायकलवरून दुकानात आले. माझ्या हातातलं माप खाली पडलं. जमादार म्हणाले, "उत्तमनानांच्या परवान्याची चौकशी आहे. ओळखणारा माणूस म्हणून त्यांनी तुमचं नाव दिलंय. वस्तीवर चला, तिथंच तुमचा जबाब घेतो."

मी दुकान बंद करून त्यांच्या मागं बसलो. वाटेत लक्षात आलं की नानांच्या वस्तीवर मी त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या तेव्हा गेलो होतो, त्यानंतर नाहीच. त्याला सहा वर्षं झाली. बांधाला बांध लागून!

अंगण शेणानं सारवलेलं होतं. प्लास्टिकच्या चार खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. एकीची बैठक झिजून पांढरी पडली होती. बाकीच्या तिन्हींवर दुकानातलं कागदाचं वेष्टण तसंच होतं. आम्ही येणार म्हणून नानांनी त्यातल्या दोन खुर्च्यांचं वेष्टण घाईघाईनं फाडलं आणि म्हणाले, "बसा, बसा. चहा टाकतो."

जमादारांनी कपाट पाहिलं, हत्यार पाहिलं, गोळ्या पाहिल्या. परवाना मिळाल्यापासून एकही उडवलेली नव्हती. मग ते म्हणाले, "नाना, सगळं बिलकुल चोख आहे. पण बिल्ला काढावा लागेल. तक्रार आलीय. तुम्ही तो लावून फिरत राह्यलात तर मी वर काय लिहू? नूतनीकरण होणार न्हाई. मंग हत्यार जमा करावं लागंल, कायमचं."

मला वाटलं, आता नाना कंडक्टर काढतील, हमाल काढतील. पण ते खिशावरची पिन काढायला लागले. पिन निघेना. शेवटी मीच पुढं होऊन काढून दिली. माझ्या हातानं.

जमादारांनी बिल्ला हातात घेऊन पाहिला. जरा नरमले. "एवढ्या हौसेनं केल्ता नाना, कशासाठी?"

"साहेब, हे कमरेला बांधलं तव्हापासून लोक जरा लांब बसायला लागले. पोरगा पुण्याला. सूनबाई म्हणते, ते घरात हाय तवर लेकराला घेऊन येणार न्हाई. तिचं बी बराबर हाय. अन् देऊन टाकावं, तर रातच्याला इथं मी एकटा. भ्या वाटतं, खोटं कशाला सांगू. मंग बिल्ला केला. बिल्ला दिसला की माणूस वाचायला जवळ येतं. वाचलं की काही तरी विचारतंच."

 आत चहा उतू गेला, तो नाना बघायला गेले.

जमादारांनी माझा जबाब घेतला. "इसम कसा आहे?" मी म्हणालो, "सरळ आहे. माझ्यापेक्षा सरळ." त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं. मग चहा पिऊन, बिल्ला आणि एक कागद नानांच्या हाती ठेवून म्हणाले, "हा घरात ठेवा, लावू नका. अन् ओळखणारी दोन माणसं लागतात, दुसरं नाव अजून राह्यलंय. उद्यापर्यंत सही घेऊन आणून द्या. मुदत संपली तर मला काही करता येणार न्हाई." आणि गेले.

मीही उठलो. नाना म्हणाले, "बसा शेठ. तक्रारीचा कागद साहेबांनी मला कालच ठाण्यात दाखवल्ता, नावं लिवायच्या आधी."

"अस्सं?"

"वरचं नाव फाडलेलं होतं. खाली छापलेलं तसंच होतं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'"

माझे कान असे तापले की विचारू नका. पळून जावंसं वाटलं, पण मोटारसायकल जमादारांची होती आणि ती गेली होती. कसाबसा म्हणालो, "नाना, चुकलं माझं. पण कागद पाहिल्यावरही तुम्ही माझंच नाव दिलंत?"

"मंग कुणाचं देणार?" नाना म्हणाले. त्यांनी हातातला कागद माझ्यापुढं धरला. पहिल्या ओळीवर माझं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या ओळीवरही माझंच नाव होतं, आणि त्यावर लाल शाईची रेघ मारलेली होती.

"दुसऱ्या ओळीवर लई येळ पेन धरून बसल्तो," नाना म्हणाले. "काही सुचंना. मंग तिथं बी तुमचंच लिवलं. साहेबांनी खोडलं. म्हणले, एकच माणूस दोनदा चालत न्हाई."

मी नानांना उठवलं, त्यांच्याच स्कूटरवर मागं बसवलं आणि सरळ सलीमभाईच्या हॉटेलात आणलं. दुसऱ्या ओळीची अडचण मी सांगितली, तशी सलीमभाईनं किटली खाली ठेवून हात पुसले. "अरे नाना, इतके दिवस काहून सांगितलं न्हाई?" म्हणत त्यानं उरलेल्या जागेत सही ठोकली. ते ऐकून बाकावरचे आणखी दोघं उठले. "माझं बी लिवा," "माझं बी घ्या," म्हणायला लागले. कागदावर जागा नाही म्हणून सांगावं लागलं. नाना सगळ्यांकडं नुसते बघत होते, आणि चष्मा पुसत होते.

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. उद्या ठाण्यात मीच नेऊन देणार आहे. काम झालं, चांगलंच झालं. पण खरं सांगतो, सलीमभाईची ती ऐटबाज सही बघून माझ्या पोटात पुन्हा आग पडली. दोन्ही ओळींवर माझंच नाव होतं, तेच मला बरं वाटत होतं.