उत्तराचं लग्न आणि काचेचा हंस

मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा जुना आजार. कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करता करता एकदा प्रयोगशाळेत डोकावलो. तिथे मदतनीस ताराचंद ज्योतीवर काचेची नळी धरून फुंकत होता आणि नळीला फुगा येत होता. तेवढं पाहून मी ठरवलं, आपण कलावंत व्हायचं.

ताराचंदनं नळ्या दिल्या, फुंकायला शिकवलं. प्रताप नगरातल्या आमच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत मी रॉकेलचा दिवा आणि सोनाराकडचा जुना भाता मांडला. हंस करायचा होता. मान वाकवायला गेलो की तडकायची, नाहीतर वेटोळं व्हायचं. अशी वेटोळी बरीच साठली. (माझी बायको सुभद्रा त्यांना आतडी म्हणायची.)

माझ्या बहिणीला, उत्तराला, पाहायला पाहुणे आले त्या दिवशीही माझा जीव मागच्या खोलीतच होता.

"अवो, आज तरी पाहुण्याईजवळ बसा," सुभद्रा म्हणाली.

बसलो. पण मुलाचे वडील महादेवराव हात धुवायला मागे गेले, ते येईनात. मी पाहायला गेलो. ते टिनाच्या खोलीत उभे होते. दिवा, भाता, वेटोळी निरखून त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

"कधीपासून सुरू आहे हे?"

"दोन महिने झाले."

"शेजाऱ्याईले वास नाही येत?"

"येतो. पण कोणी बोलत नाही."

"पहिली कशी उतरली?"

(कलेबद्दल इतकं आपुलकीनं मला कोणी विचारलं नव्हतं.)

"पहिल्यांदा सगळं वाया गेलं. आता बरं उतरते."

"कडक?"

"एकदा फुंकायच्या ऐवजी ओढलं, तर घसा पोळला."

महादेवरावांचे डोळे चमकले. त्या काळी दारूला परमिट लागायचं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

"मंग आम्हाले नाही देणार का थोडी?"

थोडी म्हणजे काय ते कळलं नाही, पण मी फळीवरून माझा एकमेव न तडकलेला हंस काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटा केला, हलवला, हुंगला.

"हा तर रिकामा आहे."

"शोभेचा आहे. यात काही भरत नाहीत."

"मंग ते वेटोळे?"

"त्या बिघडलेल्या माना."

त्यांनी हंस परत फळीवर ठेवला.

"म्हणजे नोकरीवरून घरी आले, की तुम्ही इथं बसून बदकं करून राहिले?"

"हंस," मी म्हणालो.

ते बैठकीत गेले. मी मागोमाग. माझ्यामुळे मोडलं तर उत्तरा जन्मभर माफ करणार नाही, ही धास्ती होती. महादेवरावांनी चहा संपवला, मुलाकडे पाहिलं.

"पोरगी पसंत आहे आम्हाले," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मग ते सुभद्राकडे वळले आणि आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाले, "पण बाई, एक विचारतो. हे खानदानी आहे, का यांच्यापुरतंच?"

सुभद्रानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यांच्यापुरतंच जी," ती म्हणाली. "पोरगी एकदम शहाणी आहे."