दुपारी दोनची पाहणी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. साळवेकाका ज्या माणसाला नऊ वर्षं शोधत होते, तो मी.

पण आधी साळवेकाका. दिल्लीत सरोजिनी नगरला आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मधोमध एक पार्क होता. पार्क म्हणजे काय, चार कडुनिंब, एक गुलमोहर, कडेनं लोखंडी रेलिंग आणि तीन बाक, त्यातला एक मोडका. या पार्कात येणाऱ्या प्रत्येकाची साळवेकाका हजेरी घेत. फाटकाशी घडीची खुर्ची, मांडीवर लाल बांधणीचं रजिस्टर, आणि खिशाला दोऱ्यानं बांधलेलं पेन, कारण सरकारी नोकरीत त्यांची किती पेनं लोकांनी नेली याला हिशेब नव्हता.

"नाम? क्वार्टर नंबर? आने का उद्देश्य?"

एकदा समोरच्या ब्लॉकमधले चोप्रा भडकले. "अंकलजी, हम पार्क में आए हैं, पासपोर्ट ऑफिस में नहीं."

"पासपोर्ट ऑफिस में कुर्सी साबुत होती है. यहाँ का बेंच टूटा है, वो भी लिख रखा है. उद्देश्य बताइए."

"कोई उद्देश्य नहीं है, यार. ऐसे ही आया हूँ."

काकांनी रजिस्टरमध्ये मराठीत लिहिलं: चोप्रा, निरुद्देश.

बाजारातून पिशव्या घेऊन टेकायला येणाऱ्या बायकांपुढे ते 'खरेदीनंतरचा पश्चात्ताप' असं लिहीत. गुलमोहरामागे बसणाऱ्या पोरापोरींना मात्र त्यांनी कधी नाव विचारलं नाही. 'दोघं, परीक्षेचा अभ्यास' एवढंच लिहून तोंड फिरवून बसत. कुत्रा घेऊन कुणी आलं की विचारत, "उद्देश्य किसका लिखूँ, आपका या इनका?"

माणूस सदा चिडलेला. माळी पाइप वाहता ठेवून बिडी ओढतो म्हणून चीड, लग्नाचे तंबूवाले हिरवळीत खुंट्या ठोकतात म्हणून चीड, आणि या सगळ्याची कुणालाच चीड येत नाही याची सगळ्यात जास्त चीड. काका मूळचे नगरचे. एका मंत्रालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. आता मुलाच्या नावच्या क्वार्टरमध्ये राहत होते. सुशीलाकाकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्या बाहेर दिसत नसत आणि काका त्यांच्याविषयी बोलत नसत.

"काका, हजेरी कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"पाठक, तुम्ही सरकारात आहात आणि मला विचारता? उद्या कुणीतरी म्हणेल, इथे कुणी येत नाही. तेव्हा काय दाखवाल, गवत?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी त्यांची नक्कल केली. "आने का उद्देश्य?" लोक पोट धरून हसले. पुढे कितीतरी दिवस लोक मला ती नक्कल करायला लावत, आणि मी करत असे.

माझं ऑफिस सरकारी वसाहतींच्या जमिनी सांभाळायचं. एक दिवस माझ्या टेबलावर आमच्याच ब्लॉकची फाइल आली. गाड्या वाढल्यात, पार्किंग हवं, पार्कची जागा मिळेल का, वगैरे. साहेबांनी बोलावलं.

"पाठक, तुम तो वहीं रहते हो न? ज़रा इन्स्पेक्शन कर आओ. कितने लोग यूज़ करते हैं, बस इतना लिख देना."

"जी सर. शाम को देख लेता हूँ."

"शाम को क्यों? ऑफिस टाइम में जाओ. लंच के बाद."

बस, एवढंच. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. तसं झालं असतं तर निदान सांगायला काही कारण असतं. खरं कारण असं की मी तीनच महिन्यांपूर्वी जुनी मारुती घेतली होती आणि ती लावायला रोज जागा शोधावी लागे.

जून महिना होता. मी दुपारी दोनला गेलो. दिल्लीत जूनमध्ये दुपारी दोनला देवसुद्धा सावली सोडत नाही. पार्कात एक कुत्रं होतं, तेही मोडक्या बाकाखाली. काकांची खुर्ची फाटकाशी होती, काका नव्हते. खुर्चीवर रजिस्टर होतं आणि वर दगड ठेवलेला. उघडून बघावं असं मला वाटलं आणि मी बघितलं नाही. ऑफिसात परत येऊन पंख्याखाली बसून लिहिलं: 'पाहणीच्या वेळी उद्यानात एकही व्यक्ती आढळली नाही. सदर जागा वापरात नसल्याचे दिसते.'

पहिलं वाक्य अक्षरशः खरं होतं. संध्याकाळी सहाला त्याच जागी पाय ठेवायला जागा नसते, हे मला माझ्या खिडकीतून रोज दिसत होतं. असं खरं वाक्य लिहिता येणं यालाच आमच्याकडे अनुभव म्हणतात, आणि अनुभवावर प्रमोशन मिळतं. मलाही मिळालं.

थंडी सुरू झाली तेव्हा जेसीबी आला. काका रजिस्टर छातीशी धरून त्याच्यासमोर उभे राहिले. ड्रायव्हर बिचारा खाली उतरला आणि म्हणाला, "बाबूजी, मुझे भी नाम लिखाना है क्या?" काकांनी त्याचंही नाव लिहिलं. मग दोन हवालदारांनी त्यांना बाजूला नेलं. मी ऑफिसला गेलो होतो. म्हणजे, त्या दिवशी मुद्दाम लवकर गेलो होतो.

आठवड्याभरात सिमेंटच्या फरशा बसल्या. माझ्या मारुतीला डावीकडून तिसरी जागा मिळाली.

काकांनी माहितीच्या अधिकारात फाइलची प्रत मागवली. ती आली, पण पाहणी करणाऱ्याच्या नावावर काळी शाई फिरवलेली. रविवारी चर्चहून परतताना ते ती प्रत घेऊन थेट आमच्या दारात.

"वाचा. हा दोन वाजताचा साहेब वाचा. हा गृहस्थ सोमवारी चर्चमध्ये जाईल आणि लिहील, देव आढळला नाही. लग्नाला पहाटे जाईल आणि लिहील, जेवणाची सोय नव्हती."

मीना, माझी बायको, हसत सुटली. मीही हसलो. मला हसता आलं, हे मला आजही आठवतं.

तेव्हापासून दर रविवारी ते येत. तक्रारीचा नवा मसुदा आणत आणि माझ्याकडून तपासून घेत, कारण 'ऑफिसची भाषा तुम्हाला कळते'. मीना पोहे करी. मी लाल पेन घेऊन माझ्याच विरुद्धची तक्रार दुरुस्त करत बसे. आणि नीट करत असे. 'निष्काळजीपणा'च्या जागी 'हेतुपुरस्सर दिशाभूल' हे शब्द मी सुचवले. काका खूश झाले.

"बघा मीनाताई, चांगला माणूस चुकीच्या ऑफिसात अडकलाय."

मीना म्हणाली, "अहो, मग तुमच्याच ऑफिसात विचारा ना, कोण होता तो."

"फाइल दुसऱ्या सेक्शनला गेली," मी म्हणालो. "मिळत नाही."

"कशी मिळेल?" काका गरजले. "लपवणारे सगळे एकमेकांचे मेव्हणे."

असे किती रविवार गेले. पार्क गेल्यावर दोन वर्षांनी सुशीलाकाकू गेल्या. पहाडगंजच्या एका छोट्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, तिथेही मी होतो. पुढच्या रविवारी काका मसुदा घेऊन हजर. काकूंबद्दल एक अक्षर नाही. फक्त पोहे घेतले नाहीत.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलानं सरकारी नोकरी सोडली आणि दिल्लीबाहेर मानेसरला कारखान्यात लागला. क्वार्टर सोडायची वेळ आली. काका एका जुन्या सुटकेसमध्ये सगळी रजिस्टरं घालून आले.

"नवीन फ्लॅटमध्ये जागा नाही. मुलगा म्हणतो, रद्दीत द्या. तुमच्याकडे राहू देत. तो साहेब सापडला की त्याच्यासमोर उघडा."

ते गेल्यावर मी ती उघडली. पाहणीचा दिवस मला पाठ आहे, पान लगेच सापडलं. त्यांच्या ठसठशीत अक्षरात नोंद होती: 'दुपारी २ ते २.३०. हजेरी घेणारा गैरहजर. कारण: सुशीलाच्या पायात बूट चढवणे.'

खालच्या ओळीत: '२.३०. सुशीला साळवे. उद्देश: चालणे. पावलं नव्वद. पैकी रेलिंग न धरता अकरा.'

मी मागची पानं उलटली. रोज अडीच वाजता तीच नोंद होती. रेलिंग न धरता दोन पावलं, मग तीन, मग पाच. सुरुवातीच्या एका पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पाय ओढत चालताना कुणी बघितलेलं हिला चालत नाही. सबब, कुणी नसतं तीच वेळ धरली आहे.'

म्हणजे ज्या रिकामपणाचा मी दाखला दिला, तो रिकामपणा एका बाईला चालायला हवा होता. अजून अर्धा तास त्या उन्हात थांबलो असतो तर मला ती दिसली असती. शेवटची नोंद जेसीबीच्या आदल्या दिवसाची आहे. रेलिंग न धरता एकतीस. त्यानंतर काकू चालल्याची नोंद कुठेच नाही. नऊ वर्षांतल्या एकाही तक्रारीत काकांनी बायकोचं नाव घातलं नव्हतं. मी त्या सगळ्या तपासल्या आहेत. 'ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय' एवढंच असे, आणि एकदा ते वाक्य मोघम आहे म्हणून मीच कापलं होतं.

मला माझा राग येतो असं म्हणणं फार सोपं आहे, आणि त्यानं मला बरंही वाटतं, म्हणून त्याचाही राग येतो.

काकांचा रविवारी फोन येतो. मानेसरला त्यांच्या इमारतीखाली बाग आहे, पण गेटवर गार्डच नाव-नंबर विचारतो, याची त्यांना भयंकर चीड आहे. "उद्देश्य भी नहीं पूछता, गधा." मग विचारतात, "त्या साहेबाचं काही कळलं?"

मी म्हणतो, "नाही, काका."

"असू द्या. तुम्ही फोन उचलता, तेवढं पुरे. इथे मराठी बोलायला कुणी नाही."

त्यांना आता छापलेलं वाचता येत नाही, डोळे गेलेत. मुलगा दिल्लीतच वाढला, त्याला मराठी वाचता येत नाही. त्यामुळे हे मी इथे लिहिलं, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. मानेसरला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, 'तो मी' असं सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते मी अजून केलेलं नाही.