एक किलोमीटरचा उजेड

चष्मेवाल्यांच्या नव्या टॉर्चचा उजेड एक किलोमीटर जात होता. निदान खोक्यावर तसं छापलेलं होतं. खात्री करायची, तर आठवडा झाला तरी वीज जायचं नाव घेत नव्हती.

"उद्या परत पाठवायची मुदत संपतेय," बायकोने चहा गाळता गाळता बजावलं. "आजच्या आज हिचा काही उपयोग दाखवा, नाहीतर खोक्यात भरा. माळ्यावर तो तंबू आहे, ती दुर्बीण आहे. आपण जातो कुठे हो? दुकानात आणि घरी."

"अगं, कधी अंधारात अडकलो तर?"

"कुठे?"

चष्मेवाल्यांनी घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला. संध्याकाळी त्यांनी टॉर्चच्या काचेवर हळूच वाफ सोडली आणि गिऱ्हाइकाचा चष्मा पुसावा तशी ती मऊ फडक्याने पुसली. जीवच जडला होता त्यांचा. आणि पुसता पुसता त्यांना एकदम सुचलं. वीज जात नाही ना? मग आपणच घालवू. त्यांना इतका आनंद झाला की हातातलं फडकं खाली पडलं.

बेत साधा होता. खाली जाऊन इमारतीचा मेन स्विच पाडायचा, धावत वर यायचं आणि चाचपडणाऱ्या शेजाऱ्यांना उजेड दाखवत मिरवायचं. आधीच हातात दिसली तर संशय येईल म्हणून टॉर्च घरीच ठेवली. मोबाइल चार्जिंगला होता. "दूध आणतो," म्हणून ते दोन-दोन पायऱ्या उतरतच निघाले.

मीटरची खोली जिन्याखाली होती, बिनखिडकीची. त्यांनी दार लोटून घेतलं, दिवा लावला आणि दांडा खाली ओढला. खट्कन आवाज झाला आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवाही गेला. हे मात्र बेतात नव्हतं.

दार शोधायला हात पुढे केला तर भिंत लागली. वळले तर पुन्हा भिंत, मग झाडू, मग बादली, आणि बादलीत पाय. वर पोरांनी एकच गिल्ला केला. तेवढ्यात लिफ्टमधून सेक्रेटरींचा आवाज आला, "अहो, कोणी आहे का? मी मधेच लटकलोय!"

चष्मेवाल्यांना घाम फुटला. स्विच ताबडतोब वर करायला हवा होता. पण अंधारात विजेच्या फळीवर हात फिरवायचा म्हणजे जिवाशी खेळ. अखेर धीर करून त्यांनी चाचपत दांडा पकडला, आणि त्याच क्षणी दार उघडलं.

दारात बायको होती. तिच्या हातात टॉर्च होती आणि मागे मेन स्विच बघायला निघालेली अख्खी इमारत. उजेड खरोखरच जबरदस्त होता. बादलीतला पाय दिसला, नाकावरचा घाम दिसला, दांड्यावरच्या धुळीत उमटलेली पाचही बोटं दिसली.

"अहो," बायकोने शांतपणे विचारलं, "दूध इथे मिळतं का?"

लिफ्टमधून सेक्रेटरी ओरडले, "वहिनी, सापडला का बिघाड?"

"सापडला," ती म्हणाली.

घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी निमूटपणे खोकं काढलं. बायकोने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या. फार स्पष्ट दिसतं हिच्यात."

तेव्हापासून टॉर्च दारामागच्या खिळ्यावर आहे. वीज गेली की शेजारी आधी चष्मेवाल्यांचंच दार ठोठावतात. चष्मेवाले मोठ्या उत्साहाने टॉर्च घेऊन दार उघडतात.

"ती नको," शेजारी म्हणतात. "तुम्ही घरात आहात ना, तेवढंच बघायचं होतं."