आत्याचा आवाज आणि बावीस माइक

माणसाचा आवाज नाशवंत असून योग्य यंत्राने टिपल्यास तो अमर होतो, याबद्दल तज्ज्ञांत एकमत आहे. मतभेद आहेत ते फक्त योग्य यंत्र कोणते याबद्दल, आणि तेही किरकोळ. (हेडक्लार्कांनी मोजले तेव्हा चारशे बारा होते.)

हेडक्लार्क नोकरीतून निवृत्त झाले होते, हेडक्लार्कपणातून नव्हते. त्यांचे वडील आणि काका एका ताटात जेवलेले सख्खे भाऊ, पण शेवटची तीस वर्षे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. का, हे आता एकट्या आत्याला ठाऊक होते. आत्याच्या घशाचे ऑपरेशन तीन महिन्यांवर आले होते, आणि नंतर आवाज राहील याची डॉक्टर हमी देत नव्हते. तिला लिहिता येत नव्हते. "ये, बस. सगळं सांगून टाकते," ती आपणहून म्हणाली होती.

"अहो, फोनवर घ्या की," बायको म्हणाली. "आत्याबाई समोरच बसल्यात."

हेडक्लार्कांना तिची कीव आली. फोनवर लोक मांजराचे घोरणेही टिपतात. इथे घराण्याचा इतिहास होता. शिवाय बजेट बेताचे. कमी पैशांत उत्तम वस्तू हवी तर पैशाऐवजी वेळ खर्चावा, हे तत्त्व त्यांनी नोकरीत आयुष्यभर पाळले होते.

पहिला महिना तुलनात्मक तक्त्यात गेला. (बावीस माइक, चौदा रकाने, पंधरावा 'शेरा'.) दुसरा तीन दरपत्रके मिळवण्यात.

"काका, दुकान एक, मी एक, तीन दरपत्रकं कुठून आणू?" दुकानदार म्हणाला, आणि वेगवेगळ्या शाईने तीन देऊन मोकळा झाला.

तिसऱ्या महिन्यात खोली निःशब्द करण्यात आली. पंखा बंद, घड्याळाचा सेल बाहेर, भिंतींना गोधड्या, कुकरला बंदी आणि बायको बहिणीकडे. या काळात आत्या रोज तोंड उघडी आणि रोज हेडक्लार्क हात वर करीत. "आत्या, वाया घालवू नकोस गं!" तिचा आवाज बसत चालला होता. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुहूर्त लागला. निवडलेल्या यंत्राला सर्वाधिक गुण एका सोयीसाठी मिळाले होते: ठरावीक पातळीखालचा आवाज ते खरखर समजून आपोआप गाळी. हेडक्लार्कांनी ती सोय पुरेपूर वाढवली आणि आपला श्वासही नोंदला जाऊ नये म्हणून हेडफोन लावून शेजारच्या खोलीत जाऊन बसले. कानांत कमालीची स्वच्छ शांतता होती. आत्या आठवते आहे, घाई नको, असे त्यांनी ठरवले.

चाळीस मिनिटांनी ते आत गेले तेव्हा आत्या डोळे पुसत होती. "झालं रे बाबा," ती कुजबुजली. त्यापलीकडे आता तिला जमतच नव्हते. "मोकळी झाले."

"आत्या, पुन्हा एकदा?"

तिने घशाकडे बोट दाखवून मान हलवली. हेडक्लार्कांना रडू फुटले, तेही मोठ्याने. ते मात्र यंत्राने अप्रतिम टिपले.

ऑपरेशन उत्तम झाले. आवाज गेला तो गेलाच. ती चाळीस मिनिटे आजवर सत्तावीस जाणकारांनी ऐकली. खरखर शून्य, असा सर्वांचा अभिप्राय पडला. सत्तावीसही जणांनी माइक कुठला, केवढ्याला, हे विचारले. भाऊ का बोलत नव्हते, हे एकानेही नाही.

(तुम्हीही मघापासून मॉडेलचेच नाव शोधताय. मागणी केल्यास तक्त्याची प्रत मिळेल. तुमच्या घरच्या आत्याचा आवाज सध्या कसा आहे, तेवढे अर्जात नमूद करावे.)