आधी लाव्हा, महाराज नंतर

टोकदार डोंगर दिसला की वानखेडे सरांचं डोकं फिरायचं. आमच्या रूपानं वहीत दोन त्रिकोणी डोंगर आणि मधोमध सूर्य काढला, तर या गृहस्थानं खोडरबर घेऊन दोन्ही शेंडे पुसून टाकले! वर मलाच म्हणाले, "वहिनी, आपले डोंगर माथ्यावर सपाट असतात. लाव्हा पसरला, थिजला, पुन्हा पसरला. तुमच्या पोळ्यांच्या चवडीसारखं."

सर मूळचे बुलढाण्याकडचे. इथं सुरतेत मराठी शाळेत भूगोल शिकवायचे आणि भेस्तानच्या आमच्या सोसायटीत एकटेच राहायचे. गावी घाटमाथ्यावरच्या घरात आई एकटी, त्यात गुडघे गेलेले. दर रविवारी एसटीडी बूथवरून सरांच्या विनवण्या चालायच्या, "माय, सुरतेले ये ना!" आईचं उत्तर ठरलेलं, "तुह्या सुरतेत नजर अडाले एक टेकाडबी नाही."

त्या दिवाळीला आई आठ दिवसांसाठी यायला कबूल झाल्या आणि सरांच्या अंगातच आलं. अंगणात पोरं किल्ला करत होती, तो सरांनी ताब्यात घेतला. काळ्या मातीचा एक थर, तो वाळला की त्यावर जरा लहान, मग त्याहून लहान. पोरं बिचारी मावळे आणि महाराज हातात धरून ताटकळलेली. "आधी लाव्हा, महाराज नंतर!" शेजारचे रमणभाई येता-जाता विचारायचे, "मास्तर, आ शुं? ढोकळां?" की सर त्यांनाही लाव्हा समजावत बसायचे. आम्ही बायका तर हसून हसून बेजार.

आई आल्या त्या पिशवीसकट त्या पठारासमोरच बसल्या. घाटाची वाट होती, विहीर होती, अगदी कडेला काड्यापेटीचं घर होतं. सर घाम पुसत उभे.

"बराबर केलं," आई म्हणाल्या. "घरबी तेच. अन् तू कुठी हायेस रे?"

तासतासभर बोलणारे सर हळूच एवढंच म्हणाले, "मी इथी ना, माय. सुरतेत."

आईंनी रूपाच्या हातातला एक मावळा घेतला आणि काड्यापेटीच्या दारात उभा केला.

"याले राहू दे घरावर ध्यान ठेवाले. मी राह्यते आता तुह्यापाशी."

सर भर अंगणात, सगळ्यांसमोर रडले हो! मलाही आवरेना. पोरांनी तेवढ्यात संधी साधून माथ्यावर महाराज बसवून टाकले, आणि सर काहीच बोलले नाहीत.