गोंदबाच्या शेपटीची चित्रकला

एका जंगलात, म्हणजे गाव संपून बाभळी लागतात ना, तिथंच, गोंदबा नावाचं मुंगूस राहायचं. बायको चंद्री, तीन पिल्लं आणि बांधात खोल बीळ. शेपूट अशी झुपकेदार, की त्यानं ती फुलवली म्हणजे नागसुद्धा वाट बदलायचा. मुंगसाचं घरदार शेपटीवर चालतं, पोरांनो. खिदळू नका, खरंच चालतं.

त्या साली जंगलात चित्रकलेचा वर्ग निघाला. मास्तर होते खोकड. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ. अंगानं लहान, अकलेनं नव्हे. तेलाच्या रंगात खेड्याचा देखावा शिकवणार, तोही हुबेहूब, अशी त्यांनी दवंडी पिटवली.

गोंदबा सगळ्यांच्या आधी जाऊन बसला.

"समोर काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं.

"माझं बीळ दिसतं, मास्तर. बांध दिसतो. कडब्याची गंजी, मागं गावातला धूर."

"मग तेच काढायचं. जवसाच्या तेलात रंग कालव. आधी आकाश. कुंचला कुठाय?"

"कुंचला नाही, मास्तर."

मास्तर त्याच्या पाठीमागं बघत म्हणाले, "नाही कसा?"

मुंगसाच्या केसांचा कुंचला रंगाला लई चांगला. गोंदबाला हे ठाऊक नव्हतं. मास्तरांना होतं. म्हणून तर वर्ग निघाला होता.

आकाशाला रुंद कुंचला लागला. एक झुपका गेला. डोंगर लांब दिसायला हवेत, त्यांना मऊ कुंचला हवा. दुसरा गेला. गंजीच्या काड्यांना बारीक, धुराला त्याहून बारीक. वापरलेला कुंचला मास्तर धुवायला म्हणून घरी न्यायचे. परत कधी आणायचे नाहीत. पण चित्र मात्र खरंच सुरेख उतरत होतं. खोटं कशाला बोलू?

चंद्रीनं एकदा नवऱ्याला मागून बघितलं आणि ती किंचाळलीच.

"अवं, शेपटीला काय कसर लागली का काय?"

"अगं, कलेला लागतं."

"कलेला लागतं, तर मास्तरांची शेपूट कशी धडधाकट?"

"त्यांचे केस राठ आहेत म्हणाले."

"राठ न्हाई, शहाणे आहेत! उद्या नाग आला म्हंजे काय फुलवाल? गाल?"

"गुरूला नाही म्हणू नये, चंद्रे. पाप लागतं."

आता बिळापुढचं गवत तेवढं राहिलं होतं. मास्तर म्हणाले, "एका पात्याला एक केस." पाती पुष्कळ होती. शेवटचं पातं झालं, आणि गोंदबाच्या मागं नुसती काडी उरली.

त्याच दुपारी नाग आला.

गोंदबा वाटेत आडवा आला. पाठ वाकवली, दात दाखवले, काडी उभी केली.

नागानं फणा काढून नीट न्याहाळलं. "हे काय? दात कोरायला आणलंस?" म्हणाला, आणि सरळ बिळात शिरला. चंद्रीनं बिळाच्या मागच्या तोंडानं पिल्लं ओढून काढली म्हणून वाचली.

आरडाओरडा ऐकून मास्तर धावत आले. गोंदबाला वाटलं, गुरू पावला. नाग आता बिळाच्या तोंडाशी वेटोळं घालून ऊन खात होता.

"मास्तर, काहीतरी करा हो!"

"गप! त्याला हलवू नकोस," मास्तर कुजबुजले. "ऊन काय पडलंय फण्यावर! चित्रात एक जिवंत वस्तू कमीच होती."

आणि सांगू? गोंदबानं काडीच रंगात बुडवली आणि नाग काढला.

चित्र पिंपळाखाली मांडलं. कोपऱ्यात नाव मास्तरांचं. अस्वल म्हणालं, "बीळ कसं खरंखुरं वाटतंय! कुणाचं हो?"

"माझं होतं," गोंदबा छाती फुगवून म्हणाला. "हुबेहूब आलंय ना?"

चंद्री पिल्लं घेऊन केव्हाच माहेरी निघून गेली होती.

तात्पर्य : चित्रकला जरूर शिकावी. पण जमलं तर शिकवावी. शेपूट शाबूत राहते.